‘ठाणे’ लिहिलं की ‘ळाणे’ उमटतं: मेकॅनिकल कीबोर्डवर सहा कळा एकदम कशा चालवायच्या?

टायपिंगवाली, कळवा

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी कळव्यात टायपिंगचा क्लास चालवते, १९९६ पासून. तेव्हा गोदरेजची अकरा यंत्रं होती, आता त्याच टेबलांवर कॉम्प्युटर आहेत. इतकी वर्षं प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी एकच गोष्ट बजावत आले: एका वेळी एकच कळ. यंत्रावर दोन कळा एकदम दाबल्या की अक्षरांचे दांडे कागदापाशी एकमेकांत अडकायचे, आणि बोटं काळी करून ते सोडवायचे मी. आता मला नेमकं उलटं हवंय. सहा कळा एकाच वेळी, आणि सहाच्या सहा लागल्या पाहिजेत.

माझी भाची नववीत आहे, तिला जन्मापासून दिसत नाही. शाळेत पर्किन्स ब्रेलर आहे, म्हणजे ब्रेलचा टाइपरायटर, त्यावर तिचा हात झरझर चालतो. पण ते यंत्र जवळजवळ पाच किलोचं, आणि ते शाळेतच राहतं. घरी पाटी आणि टोचणी. पाटीवर उजवीकडून डावीकडे, उलटं टोचत जायचं, ते तिला आता कंटाळवाणं होतं. म्हणून लॅपटॉपवर एनव्हीडीए (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) घातलं, त्यात साध्या कीबोर्डवरून ब्रेल टाइप करायचं अॅड-ऑन घातलं, इनपुट टेबल मराठी ठेवलं. ब्रेलचं अक्षर सहा टिंबांतून बनतं: एफ-डी-एस म्हणजे टिंब १-२-३, जे-के-एल म्हणजे ४-५-६. बोटांची जागा पर्किन्ससारखीच, त्यामुळे नव्याने शिकायचं काही नाही.

लॅपटॉपच्या स्वतःच्या कीबोर्डने पहिल्या पाच मिनिटांत हात टेकले. मग मुलाने ओळखीतून एक जुना मेकॅनिकल कीबोर्ड आणला, निळ्या स्विचचा, टकटक वाजणारा. आवाज ऐकूनच भाची खूश. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘अँटी-घोस्टिंग’. पहिल्या दिवशी तिने लिहिलं ‘कमळ’, बरोबर. ‘बाळ’, बरोबर. ‘मावशी’, बरोबर. मी पेढे आणायला निघालेच होते. मग तिने पत्ता लिहायला घेतला आणि ‘ठाणे’चं झालं ‘ळाणे’. परत लिहिलं, परत ‘ळाणे’. ‘ढग’ लिहिला तर ‘णभ’! ती म्हणाली, मावशी, अर्थाला तर जवळ आहे. ग, द, ज यांपैकी काहीही मारलं तरी बहुतेक वेळा ‘भ’ येतो. ‘ह’चा कधी ‘ए’, कधी ‘ञ’. ल आणि ळ मात्र एकदाही चुकत नाहीत.

मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्याने वाचून काढलं की मेकॅनिकल कीबोर्डमध्ये अनेक कळा एकदम ओळखायला प्रत्येक कळीला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लागतो, आणि या कीबोर्डात तो नाहीच. लॅमिंग्टन रोडहून १एन४१४८ची शंभरची पट्टी आणली. पीसीबी (आतली सर्किटची पाटी) तपकिरी, सगळे ट्रेस, म्हणजे तांब्याच्या रेघा, मागच्याच बाजूला, त्यामुळे स्विच न काढता काम झालं: सहाही कळांच्या एकेका पॅडभोवती (स्विचचा पाय जिथे झाळतात त्या ठिपक्याभोवती) ब्लेडने तांबं कापलं, मधे डायोड जोडला, तुटलेली ओळ वायरने सांधली. चालू केलं तर तीन कळा मेलेल्या. उलटे लागले होते. ते फिरवले. आता सहाही कळा एकेकट्या नीट चालतात. सगळ्या मिळून? ‘ळाणे’.

तर चुकलं काय? आणि ‘नवीन घ्या’ असं सांगणाऱ्यांना आधीच हात जोडते.

---

क्लॅकोबा, घणसोली

ताई, तुम्ही हात जोडलेत तरी सांगतोच, नवीन घ्या. 😅 हॉट-स्वॅप (स्विच न झाळता बदलता येणारा) बोर्ड घ्या, क्यूएमके हे फर्मवेअर, म्हणजे कीबोर्डच्या आतला प्रोग्रॅम, चालणारा. त्यात प्रत्येक कळीला डायोड असतो, फर्मवेअरमध्ये एन-की रोलओव्हर (कितीही कळा एकदम) चालू केला की दहाही बोटं टेकवा, सगळं दिसतं. मी गेमिंगसाठी तोच वापरतो. जुन्या बोर्डात डायोड घालून काही होत नाही कारण यूएसबीवर एका वेळी सहाच कीज जातात, ही मर्यादा कीबोर्डची नसून यूएसबीची आहे.

---

झाळकाम, महापे

क्लॅकोबा, सहाची गोष्ट अर्धी खरी आहे. यूएसबी कीबोर्डचा जो साधा, बूटच्या वेळीही चालणारा रिपोर्ट असतो तो आठ बाइटचा. एक बाइट शिफ्ट-कंट्रोल वगैरेंना, एक राखीव, उरलेले सहा बाइट सहा कळांना. ब्रेलची टिंबंही सहाच. बसतात. जुन्या पीएस/टू कीबोर्डला ही अडचण नव्हती, तिथे प्रत्येक कळीचा दाबल्याचा आणि सोडल्याचा निरोप वेगळा जायचा. पण ताईंची गाडी यूएसबीपर्यंत पोचतच नाहीये, आधीच्याच सिग्नलला अडकली आहे.

ताई, तुम्ही दिलेली माहिती सोन्यासारखी आहे, विशेषतः तो ‘भ’. आधी थोडं समजून घ्या, मग काय करायचं ते सांगतो.

कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीला स्वतंत्र वायर नसते. शंभरेक कळांना शंभर वायरी परवडत नाहीत. म्हणून आडव्या ओळी आणि उभ्या ओळी, आणि जिथे त्या एकमेकींना ओलांडतात तिथे कळ. सोसायटीतले पाइप डोळ्यांसमोर आणा. उभे पाइप, प्रत्येक मजल्याला आडवा पाइप, आणि जोडावर व्हॉल्व्ह. कळ दाबली म्हणजे तो व्हॉल्व्ह उघडला. कंट्रोलर हा वॉचमन. तो एकेका उभ्या पाइपात पाणी सोडतो आणि कुठल्या मजल्याला आलं ते बघतो. सेकंदाला शेकडो वेळा.

आता एखाद्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांपैकी तीन व्हॉल्व्ह उघडले, तर पाणी तिसऱ्यातून उलटं वर चढून फिरून चौथ्या कोपऱ्याच्या मजल्याला येतं. वॉचमनला वाटतं चौथाही उघडा आहे. हे घोस्टिंग, न दाबलेली कळ दिसणं. सोसायटीचा प्लंबर अशा ठिकाणी एनआरव्ही बसवतो, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाणारा व्हॉल्व्ह. डायोड म्हणजे तोच. चिरंजीवांचं वाचन बरोबर होतं. काचेच्या नळीवर जी काळी पट्टी असते ती कॅथोड, करंट तिच्याकडे जातो. उलटा लावला की कळ मेली, तेही तुम्ही पाहिलंत.

मग तरी का चालत नाही? कारण तुमच्याकडे घोस्टिंग होतच नव्हतं. ग म्हणजे टिंबं १-२-४-५, द म्हणजे १-४-५, ज म्हणजे २-४-५. घोस्टिंग असतं तर द आणि ज मारल्यावर चौथी कळ आपोआप दिसून ‘ग’ उमटला असता. तुमच्याकडे ‘भ’ उमटतो, ४-५. म्हणजे जास्तीचं काही येत नाहीये, उलट कळा गिळल्या जाताहेत. कंट्रोलरच्या फर्मवेअरमध्येच लिहिलंय: चौकोनाचे तीन कोपरे दिसले की शेवटची आलेली कळ सोडून द्या, कारण खरी कुठली ते कळत नाही. खोक्यावरचं ‘अँटी-घोस्टिंग’ खोटं नाही. भूत येऊ नये म्हणून वॉचमन तिसऱ्या पाहुण्यालाच गेटवर अडवतो. तुम्ही आत एनआरव्ही बसवलेत, पण वॉचमनला ते कुणी सांगितलेलं नाही. तो जुन्या नियमाने अडवतोच आहे.

भाचीचा उजवा हात डाव्याच्या जरा आधी पडतो, बरोबर? जे-के आधी पोचतात, मग डी येतो तो बाहेर. ठ म्हणजे २-४-५-६, त्यातला २ गेला की ४-५-६ उरतो, म्हणजे ळ.

पुढचं काम: मल्टीमीटर बीपवर ठेवा, आणि एस डी एफ जे के एल या सहा कळांचे पॅड एकमेकांशी तपासा. कुठला पॅड कुठल्या पॅडशी जोडलेला आहे तेवढं लिहा. चिरंजीवांनी जिथे डायोड घातलाय तिथे डायोडच्या पलीकडे टोक लावा, नाहीतर फसाल. कीबोर्डची यूएसबी काढून ठेवा.

---

सहा टिंबं, वाशी

मी स्वतः ब्रेल वापरतो, बँकेत नोकरी. हा धागा स्क्रीन रीडरवर ऐकतोय आणि ‘णभ’ला एकटाच हसलो. शेजारच्या टेबलवाल्याने विचारलं काय झालं. त्याला काय सांगणार.

दोन-तीन गोष्टी, वायरिंगच्या नाहीत, वापराच्या.

कॉम्प्युटरवरच्या ब्रेलमध्ये अक्षर दाबताना ठरत नाही, सोडताना ठरतं. सगळी बोटं उचलली गेली की तोवर जेवढी टिंबं लागली त्यांचं मिळून एक अक्षर. म्हणून सहा बोटं अगदी एकाच क्षणी पडायची गरज नसते, तिला ‘दोन्ही हात एकदम टाक’ म्हणून बोलू नका. हात उत्तम आहे तिचा. दोष लोखंडात आहे.

स्पेस एकटी दाबली तर जागा सुटते, पण ब्रेल डिस्प्लेवर स्पेससोबत टिंबं दाबून आज्ञा देतात. आठ टिंबांचं कॉम्प्युटर ब्रेलही असतं. आज तिला सहा पुरे, पुढे पुरणार नाहीत. ते लक्षात ठेवून काम करा.

एफ आणि जे वरच्या बारीक रेघा मात्र कुणाला घासू देऊ नका. डोळस माणसाला त्या दिसतही नाहीत, आमचं घर तिथून सुरू होतं. आणि तपासायला ‘ढ’ वापरा. भारती ब्रेलमध्ये (आपल्या भाषांच्या ब्रेलमध्ये) ढ ला सहाही टिंबं लागतात. ज्याला शाळेत ढ म्हणतात त्याला मी हे आवर्जून सांगतो, की बाबा, ब्रेलमधलं सगळ्यात भरलेलं अक्षर तुझं आहे.

सराव म्हणून नुसती टिंबं तपासायची असतील तर डक्सबरीचा पर्की डक नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे, त्यात हीच सहा अक्षरं चालतात. भाषांतराचं टेबल मधे येत नाही, त्यामुळे कुठलं टिंब गळतंय ते थेट कळतं.

---

टायपिंगवाली, कळवा

झाळकाम भाऊ, उजव्या हाताचं कसं ओळखलंत? खरंच आधी पडतो. पर्किन्सवर कधी जाणवलं नव्हतं.

सहा टिंबं, रेघांचं तुम्ही म्हणालात ते बरं झालं. मुलगा कीकॅप धुवायला साबणाच्या पाण्यात घालणार होता आणि मग घासणीने घासणार होता. थांबवला.

क्लॅकोबा, तुझं वय काय रे? माझ्या क्लासला ये, दहा बोटं टेकवायची शिस्त लावते.

काल रात्री जेवणं झाल्यावर मोजणी केली. मी टोकं धरली, मुलगा कागदावर लिहीत होता, भाची बीप ऐकून ‘हा’, ‘नाही’ सांगत होती. मल्टीमीटरचा बीप आम्हा दोघांपेक्षा तिला आधी कळतो, अर्धवट लागला तरी. तिनेच दोनदा पकडलं की टोक घसरलं. असं निघालं:

डी आणि के एका आडव्या ओळीवर.
एफ आणि जे दुसऱ्या आडव्या ओळीवर.
एस आणि एल तिसऱ्या.
एफ आणि डी एकाच उभ्या ओळीवर.
जे आणि के एकाच उभ्या ओळीवर.
एस आणि एल च्या उभ्या ओळी वेगळ्या, या चौघांशी संबंध नाही.

कीबोर्डवर या सहा कळा एका रांगेत बसलेल्या असताना आत तीन मजल्यांवर का विखुरल्यात देव जाणे.

---

झाळकाम, महापे

देव नाही, ज्याने ट्रेस ओढले तो जाणे. एकाच बाजूचा पीसीबी, जिथून वाट मिळाली तिथून नेली. सहाही कळा एका आडव्या ओळीवर असत्या तर हा प्रश्नच आला नसता, एका ओळीत चौकोन होत नाही. गेमवाल्यांसाठी डब्ल्यू-ए-एस-डी आणि आजूबाजूच्या कळा सांभाळलेल्या असतील, जे-के-एलचा विचार कोण करतो.

पण तुमचा नकाशा बघून मला सुचलंय ते फार सोपं आहे. सगळा घोळ एकाच चौकोनाचा: डी, एफ, के, जे. टिंबं १, २, ४, ५. ज्या अक्षरात या चारपैकी तीन किंवा चार येतात तेवढीच अक्षरं बिघडतात. ठ, ढ, ग, द, ज, ह, न, र, प, त वगैरे. ज्यात दोनच येतात ती शाबूत. ‘मावशी’ लिहून बघा, एकाही अक्षरात तीन नाहीत. ‘कमळ’मध्येही नाहीत. म्हणून पहिल्या दिवशी पेढ्यांपर्यंत वेळ आली.

आता दोन वाटा. पहिली, कंट्रोलर पूर्ण बदलायचा. सगळ्या उभ्या-आडव्या ओळींना वायरी लावून नवा मायक्रोकंट्रोलर, शंभरावर डायोड, क्यूएमके. होतं, मी केलंय, पण दोन रविवार जातात आणि बायको बोलत नाही.

दुसरी वाट. चौकोन मोडायचा. एफ आणि जे या दोनच कळा मूळ जाळ्यातून पूर्ण बाहेर काढा. उरलेल्या डी-के एका ओळीवर, एस-एल एका ओळीवर, चौघांत कुठेही चौकोनाचे तीन कोपरे उरत नाहीत. वॉचमनला अडवायला काही राहत नाही. एकटा जे काढून भागणार नाही बरं का. एफ-डी-के हे तीन कोपरे मग उरतात आणि ‘ह’ अडकतोच. दोन काढा.

या दोन कळांना प्रो मायक्रो नावाचा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड लावा, एटीमेगा ३२यू४ चिपवाला. तो यूएसबीवर स्वतःच कीबोर्ड म्हणून उभा राहतो. चिरंजीवांकडे कॉलेजचा जुना अर्डुइनो उनो (आर-थ्री) पडलेला असेल, तो चालणार नाही, त्याच्या मुख्य चिपला यूएसबी नाही. प्रत्येक कळीचा एक पाय ग्राउंडला, एक पाय पिनला. पिन इनपुट-पुलअप ठेवा, म्हणजे कळ न दाबता ती वरच राहते. जाळं नाही, म्हणून डायोड नाही. कळ दाबली की पिन खाली जाते तेव्हा ‘प्रेस’, वर आली की ‘रिलीज’. ‘राइट’ वापरू नका, तो दाबून लगेच सोडून देतो. पिन बदलली की पाच-दहा मिलिसेकंद थांबून परत बघा, स्विचची पत्री लागताना थरथरते.

लॅपटॉपला दोन कीबोर्ड दिसतील, विंडोजला त्याचं काही वाटत नाही. शिफ्ट एका कीबोर्डवर आणि एफ दुसऱ्यावर असलं तरी मोठा एफ येतो. मॅकवर येत नाही, तिथे प्रत्येक कीबोर्डची शिफ्ट त्याच्यापुरती. आणि वाशीकर म्हणाले ती सात-आठ कळांची सोय आपसूक होते, कारण सहाची मर्यादा प्रत्येक यूएसबी कीबोर्डला वेगळी. तिकडे सहा, इकडे दोन.

निम्मं काम झालेलंच आहे. एफ आणि जे चा एकेक पॅड डायोडसाठी कापलेला आहे. तो डायोड काढा, तिथे वायर. दुसऱ्या पॅडभोवती तसंच कापा. फक्त उभी ओळ त्या पॅडमधून पुढच्या कळांना जात असेल, ती बाहेरून सांधायला विसरू नका. बाकी चार डायोड राहू द्या, काही बिघडवत नाहीत.

---

क्लॅकोबा, घणसोली

मान गये. माझा बोर्ड साडेसहा हजारांचा आहे आणि मला चौकोनाची गोष्ट आज कळली. ताई, मी वीस. प्रो मायक्रो माझ्याकडे एक जास्तीचा आहे, मायक्रो-यूएसबीवाला. ठाण्याला येतोच मी शनिवारी, ट्रान्स-हार्बरने. स्टेशनवर देतो. पैसे नकोत, दहा बोटांची शिस्त पण नको.

एक सांगतो, त्याचं सॉकेट नाजूक असतं, केबल दोनदा ओढली की पॅडसकट उखडतं. आधी हॉट ग्लू लावा. आणि प्रोग्रॅम जात नसेल तर आरएसटी (रीसेट) आणि ग्राउंड वायरच्या तुकड्याने पटापट दोनदा टेकवा, आठ सेकंद मिळतात, तेवढ्यात अपलोड दाबायचं.

---

टायपिंगवाली, कळवा

झालं. पण सरळ झालं असतं तर मी लिहायला कशाला बसले असते.

शनिवारी क्लॅकोबा दहा नंबरच्या फलाटावर भेटला, हातात बोर्ड एका काडेपेटीत घालून. बळेच वडापाव खायला घातला. रविवारी सकाळी क्लासला कुणी नसतं, मोठ्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून कीबोर्ड पालथा केला. डायोड काढताना गरम सोल्डरिंग आयर्न जरा जास्त टेकलं आणि जे चा पॅड सालीसारखा उचलला गेला. मुलाचा चेहरा पांढरा. पण तसंही तो पॅड कुणाशी जोडायचाच नव्हता, वायर थेट स्विचच्या पायाला लावली.

मग दुसऱ्या पॅडभोवती ब्लेड फिरवलं. भाऊ, तुम्ही स्पष्ट लिहिलं होतंत. मी मोठ्याने वाचूनही दाखवलं होतं. तरी चिरंजीव सांधायला विसरले, आणि चालू केल्यावर डी, आर, व्ही तिन्ही गार. कळव्यात ‘डी’च नाही म्हटल्यावर पोरगी म्हणाली, मावशी, आता ‘ठाणे’ काय, काहीच नको लिहायला. परत पालथा. मागच्या बाजूला भिंग धरून बघितलं तर पॅडच्या दोन्ही बाजूंना तांब्याची ओळ तुटलेली, मधे बारीक पांढरी फट, तांदळाच्या कण्याएवढी. पातळ वायर संपली होती. रविवारी दुकान बंद. तेव्हा आत्ताच काढलेल्या डायोडकडे लक्ष गेलं. त्याचा पाय कापला, फटीवर आडवा ठेवला, दोन्ही टोकांना झाळलं. डी, आर, व्ही परत आले. जे च्या बाजूलाही तसंच. म्हणजे डायोड नाही, डायोडचे पाय उपयोगी पडले.

प्रो मायक्रो आतल्या पोकळीत इन्सुलेशन टेप गुंडाळून ठेवला, कारण वर लोखंडी पत्रा आहे. दुसरी केबल बाहेर काढायला मागच्या कडेला कानशीने खाच केली. पहिल्यांदा साधं टाइप करताना प्रत्येक जे दोनदा उमटत होता, थांबायचा वेळ पाचचा दहा मिलिसेकंद केला, बंद झालं.

मग भाचीला बसवलं. सहा टिंबं यांनी सांगितल्याप्रमाणे आधी ‘ढ’. सहा बोटं, एकच ‘टक’, आणि एनव्हीडीए म्हणालं, ढ. तिने लगेच दुसरा मारला. तिसरा. एक अख्खी ओळ ढ ढ ढ ढ ढ. मुलगा म्हणाला, प्रगतिपुस्तक वाचतेय का? त्याला तिने न बघता बरोबर पाठीत एक दिली.

‘ठाणे’ आलं. ‘नगर’ आलं. मग तिने पत्ता पूर्ण लिहिला, पिनकोडसकट, आणि खाली ‘हा पत्ता बरोबर आहे’ असं लिहिलं. आजपर्यंत क्लासमध्ये एकदम दोन कळा दाबल्या म्हणून ज्यांना ओरडले त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर वाचू दे.

पेढे आणले, क्लॅकोबाचा वाटा ठेवलाय.

---

सहा टिंबं, वाशी

वाचून बरं वाटलं. आता तिला विचारा, टकटक आवाज रात्री घरच्यांना चालतो का. माझ्या घरी नाही चालला.

---

टायपिंगवाली, कळवा

अकरा यंत्रांच्या आवाजात पंधरा वर्षं काढलेली मी, मला हा लोरीसारखा आहे. तिच्या आईचं माहीत नाही, पुढच्या रविवारी कळेल.

शंभरपैकी सहा लागले, दोन पाय वाकवताना काच तडकून गेले. ब्याण्णव डायोड उरलेत. कुणाला हवे असतील तर क्लासवरून घेऊन जा, संध्याकाळी सात नंतर.

---

झाळकाम, महापे

ब्याण्णव? मी येतो. बायकोला सांगू नका.